खोपोलीचा धबधबा आणि गिरणगावची चाके

मुंबईच्या गिरणगावात नदी नाही. परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी या भागात पाणी होते ते खाजणात शिरणाऱ्या भरतीचे, तळ्यांचे आणि विहिरींचे. ज्याच्या बळावर एखादे चाक फिरावे असा वाहता प्रवाह तिथे कधीच नव्हता. तरीही १९१५ पासून पुढे कित्येक दशके इथल्या गिरण्यांतल्या चात्या आणि माग सह्याद्रीतल्या एका धबधब्याने फिरवले. हा धबधबा छायाचित्रांत दिसत नाही, कारण तो लोखंडी नळांत बंद आहे. ज्या गावाच्या माथ्यावरून तो खाली येतो, त्या गावाचे नाव खोपोली.

आजचा धागा त्या गावाचा, त्या पाण्याचा आणि ओघाने दादर-परळच्या एका रस्त्याच्या नावाचा.

बोरघाट उतरून कोकणात पाऊल टाकले की पहिले मोठे गाव खोपोली. घाटाच्या पायथ्याच्या गावांचे एक वैशिष्ट्य असते: तिथे प्रत्येकाला थांबावे लागते. वर चढणारा दम घेण्यासाठी थांबतो, खाली उतरलेला बैलांना पाणी पाजण्यासाठी थांबतो. देशावरचा माल तांड्यांच्या पाठीवरून इथे उतरायचा, पुढे पनवेलच्या बंदरापर्यंत जायचा आणि तिथून होड्यांनी मुंबईला. नाना फडणवीसांनी खोपोलीत तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले, ते याच वाटसरूंचा राबता ध्यानात घेऊन. पुणे दरबारचा हा मुत्सद्दी हिशेबाला किती पक्का होता हे सर्वश्रुत आहे; आडरानात त्याने पैसा ओतला नसता.

इंग्रजांनी घाट बांधून काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये तर आगगाडीच खोपोलीत आली. त्या काळच्या इंग्रजी कागदांत या स्थानकाचे नाव ‘कॅम्पूली’ असे काहीतरी विचित्र लिहिलेले आढळते. वर, घाटमाथ्यावर, खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र अजून फोडायचा होता. त्यामुळे काही वर्षे मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. खोपोलीच्या इतिहासातला हा भरभराटीचा काळ.

तो फार टिकला नाही. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला. (या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारले आणि त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले. त्यांच्यावर स्वतंत्र धागा लिहायला हवा.) नवा मार्ग पळसदरीवरून थेट घाटात शिरला आणि खोपोली मुख्य रस्त्यावरून बाजूला फेकली गेली. पळसदरी ते खोपोली हा फाटा तेवढा उरला. आजही कर्जत-खोपोली लोकल त्याच फाट्यावरून धावते.

पुढच्या पन्नास वर्षांत खोपोलीकडे फारसे कोणी पाहिले नाही. गावाच्या डोक्यावर मात्र दर आषाढात तेच दृश्य असे. खंडाळ्याच्या कड्यावरून डझनावारी पांढरे प्रवाह खाली झेपावत. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आश्विनात प्रवाह बारीक होतात, पौषात कडे कोरडे पडतात. आठ महिने सुकलेला धबधबा गिरणीमालकाच्या काय कामाचा?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही लोकांना खरोखर पडला होता, कारण मुंबईची अडचण कोळशाची होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. विसावे शतक उजाडून दहा वर्षे होईतो शहरात ऐंशीहून अधिक गिरण्या आणि लाखभर कामगार झाले. या साऱ्या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेला कोळसा लागे. मुंबईच्या आसपास कोळशाची एकही खाण नाही. बंगाल-बिहारच्या खाणींतून देशाची सगळी रुंदी ओलांडून तो आणायचा किंवा परदेशातून जहाजाने मागवायचा. अहमदाबाद, नागपूर, सोलापूरच्या गिरण्या कापसाच्या जवळ होत्या. मुंबईला कापूसही लांबून आणि कोळसाही लांबून. त्यात धूर. गिरणगावच्या धुराड्यांचा त्रास इतका वाढला की १९१२ मध्ये मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला.

पाण्याने गिरणी चालवण्याची कल्पना नवी नव्हती. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदी गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. १८८० च्या दशकात त्या धबधब्याच्या काठावरच सूतगिरणी उभी राहिली आणि पाण्याच्या जोरावर चालू लागली. गिरणी धबधब्याकडे गेली, तिच्यामागोमाग कामगारांची वस्तीही गेली. मुंबईला हा मार्ग बंद होता. ऐंशी गिरण्या, गोदी, कापसाचा बाजार, पेढ्या आणि लाख माणसे उचलून घाटाखाली कोण नेणार?

पण १८९६ मध्ये अमेरिकेत नायगाऱ्याच्या पाण्याची वीज तारेवरून बफेलो शहरात पोहोचली होती. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर केंद्र उभारले आणि तिथली वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली. गिरणीने धबधब्याकडे जाण्याची गरज आता उरली नव्हती.

मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी पश्चिम घाटातल्या पावसाच्या पाण्यातून वीज निर्माण करण्याची कल्पना मांडली आणि ती जमशेटजी टाटांनी उचलली. जमशेटजींना गिरणगावची अडचण ऐकून माहीत नव्हती, ती त्यांनी स्वतः सोसली होती. १८६९ मध्ये चिंचपोकळीला बंद पडलेला एक तेलाचा कारखाना विकत घेऊन त्यांनी तिथे अलेक्झांड्रा मिल काढली होती. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचे निधन झाले, तेव्हा विजेची योजना कागदावरच होती. दोराबजी टाटांनी ती पुढे नेली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि तिचे भांडवल मुख्यतः हिंदुस्थानातच उभे राहिले. त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली. चार वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, लॉर्ड विलिंग्डन यांनी वीजपुरवठ्याचा शुभारंभ केला. पहिले महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते.

योजना काय होती ते जरा सावकाश पाहू, कारण तिच्यातली खरी करामत पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

खंडाळ्याच्या कड्यावरून कोकणात पडणारे पाणी या योजनेने पकडले नाही. तिने पकडले ते उलट दिशेला, पूर्वेकडे वाहणारे पाणी. लोणावळ्याच्या परिसरात पडलेला बराचसा पाऊस इंद्रायणीला मिळतो. ही तीच इंद्रायणी, जी पुढे देहू आणि आळंदीवरून वाहते. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्राहून आलेल्या ढगांचे पाणी, त्या समुद्रापासून जेमतेम काही कोसांवर पडूनही, सारे दख्खन ओलांडून दुसऱ्याच समुद्रात जाते. अभियंत्यांनी लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे धरणे बांधून हे पाणी अडवले, कालव्यांनी ते पश्चिमेकडे वळवले, खंडाळ्याच्या कड्याच्या टोकाशी एका हौदात आणले आणि तिथून पोलादी नळांत सोडून दिले. नदीचे तोंड फिरवले म्हणतात ते याला. निसर्गाने खोपोलीला चार महिन्यांचा धबधबा दिला होता. धरणांमुळे तो बारा महिन्यांचा झाला, मात्र डोळ्यांना दिसेनासा झाला.

माथा आणि पायथा यांत पाचशे मीटरांहून अधिक अंतर आहे. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पन्नास किलो भार टाकतो. त्या दाबाने नळाच्या तोंडातून सुटणारी धार एका चाकावर बसवलेल्या पोलादी ओंजळींवर आदळते आणि चाक गरगर फिरते. या चाकाला पेल्टन चाक म्हणतात, कारण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या खाणपट्ट्यात लेस्टर पेल्टन याने ते घडवले. हिशेब अगदी सोपा आहे: हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की घट-तूट वजा जाता एका युनिटाहून थोडी अधिक वीज हाती लागते. गोकाकच्या उंचीवरून तेवढीच वीज मिळवायची तर दहापट पाणी हवे. सह्याद्रीचा कडा हेच खोपोलीचे भांडवल होते.

तयार झालेली वीज एक लाख व्होल्ट दाबाने तारांवर चढवली गेली आणि सुमारे ७० किलोमीटरांचे अंतर कापून, खाड्या ओलांडून, परळच्या केंद्रात उतरली. तो दाब त्या काळी हिंदुस्थानात अपूर्व होता. परळहून ती गिरण्यांत गेली. पहिला मान सात रस्त्याजवळच्या सिम्प्लेक्स मिलला मिळाला. मग एकामागून एक गिरण्या जोडल्या गेल्या आणि मागणी खोपोलीच्या आवाक्याबाहेर गेली.

गिरणीच्या आत काय बदलले? वाफेच्या गिरणीत एक प्रचंड इंजिन असे. त्याच्या महाकाय चाकावरून जाड दोर वरच्या मजल्यांवर जात, तिथले लांबच लांब दांडे फिरवत आणि दांड्यांवरून पट्टे उतरून एकेका यंत्राला गती देत. इंजिन थांबले की सारी गिरणी थांबे. विजेच्या मोटारीने हे एकछत्री राज्य मोडले. एखादे खाते वेगळे चालवता येऊ लागले, वेग समान राहू लागला, सूत तुटणे कमी झाले. बॉयलर पूर्ण गेले नाहीत. सुताला खळ लावायला, कापड धुवायला आणि रंगवायला वाफ लागेच. भोंगाही राहिला. पहाटे लालबाग-परळला जागे करणारा तो भोंगा विजेच्या युगातही कामगाराच्या घड्याळाचे काम करत होता.

कामगाराच्या वाट्याला या विजेतून काय आले, याविषयी गोडवे गाण्याआधी थोडे मागे पाहावे. विजेशी गिरणी कामगाराची पहिली ओळख कटू होती. १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांनी स्वतःची छोटी यंत्रे बसवून विजेचे दिवे लावले. तोवर सूर्य हाच कामाच्या तासांचा मालक होता. अंधार पडला की काम थांबे. दिवे आले आणि दिवस चौदा-साडेचौदा तासांचा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये झगडून मिळवलेली रविवारची सुट्टी एका पारड्यात टाकली, तर हे वाढीव तास दुसऱ्या पारड्यात सहज भारी ठरतील. कामगार खवळले, संप झाले, चौकशी बसली आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा झाली. खोपोलीची वीज परळला पोहोचली ती कायद्याने तास बांधल्यानंतर, हे कामगाराचे नशीब म्हणायचे. चार वर्षे आधी आली असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा. गिरणीत लखलखाट असताना शेजारच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र बराच काळ रॉकेलचा दिवाच मिणमिणत होता.

मागणी वाढत गेली तशी पुढची पावले पडली. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली. नावावरून गोंधळू नये: ही आंध्रा म्हणजे मावळातली एक छोटी नदी. तिच्या खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये कर्जतजवळच्या भिवपुरीत वीज तयार होऊ लागली. मग १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी आली आणि तिची नजर मुळशीवर गेली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी पश्चिमेला वळवायचे आणि कोकणातल्या भिरा गावी खाली सोडायचे. खोपोलीचाच कित्ता, अधिक मोठ्या अक्षरांत.

मुळशी पेटा म्हणजे मावळ्यांचे, भातशेतीचे, आंबेमोहोराच्या सुगंधाचे खोरे. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती, माणसे दहा हजारांहून अधिक. जमीन घेण्याचे हत्यार होते १८९४ चा भूसंपादन कायदा. या कायद्यात सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येईच, पण कंपन्यांसाठी जमीन मिळवून देण्याचेही एक स्वतंत्र प्रकरण होते. (हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, त्याची जागा नव्या कायद्याने घेतली ती २०१३ मध्ये.) शेतकऱ्याला विचारण्याची तरतूद नाममात्रच होती. पुरेशी चौकशी होण्याआधीच उभ्या शेतांत खंदक खणायला माणसे उतरली, तेव्हा मावळा उठला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशीत सत्याग्रहाला आरंभ झाला. हजारभर माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पुण्याहून विनायकराव भुस्कुटे आले होते, ज्यांनी पुढे या लढ्याचा इतिहासही लिहिला. आणि होते पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना मिळाली ती याच लढ्यात. काम काही काळ थांबले, वर्ष संपता संपता पुन्हा सुरू झाले. अटका होत गेल्या, स्त्रियाही तुरुंगात गेल्या. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही या लढ्यापायी कारावास घडला.

सत्याग्रह आतून पोखरला गेला तो जमिनीच्या मालकीच्या प्रश्नाने. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्यातल्या सावकारांची होती. कसणारा मावळा कुळाच्या नात्याने उभा होता. सावकाराला जमिनीचे मोल रुपयांत मोजता येत होते. मावळ्याला ते येत नव्हते. नुकसानभरपाईचा आकडा पुरेसा वाढला तसा सावकारांचा विरोध ओसरला आणि लढा एकाकी पडला. माझ्या मते मुळशीचा पराभव सरकारच्या लाठीपेक्षा या फुटीने अधिक झाला. शहरातल्या पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. स्वदेशी उद्योग मोठा व्हावा असे ज्यांना मनापासून वाटे, त्यांच्याच दारी त्या उद्योगाविरुद्धचे गाऱ्हाणे येऊन उभे राहिले होते. मँचेस्टरच्या कापडाची होळी करणाऱ्याने मुंबईच्या गिरणीची वीज कशी अडवावी? हा पेच त्या पिढीला सुटला नाही.

बापटांनी हार मानली नाही. तुरुंगवास भोगून परतल्यावर, डिसेंबर १९२४ मध्ये, त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि तीही हातात शस्त्र घेऊन. अहिंसक सत्याग्रहाची मर्यादा तिथे ओलांडली गेली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. स्वतः बापटांनी ते कधी लपवले नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ मध्ये सुटले, तेव्हा मुळशीचे खोरे पाण्याखाली जाऊन काही वर्षे उलटली होती. १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली होती.

आता दादरला या. पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून माहीमपासून दादर, प्रभादेवी, लोअर परळ असा एक लांब रस्ता जातो. पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग उतरतात ते याच रस्त्यावर. फिनिक्स मिल याच रस्त्यावर होती. आज तिथे मॉल आहे. जुने मुंबईकर आणि टॅक्सीवाले या रस्त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी नळवाहिनी या बाजूने आली. पण पाटीवरचे नाव वेगळे आहे: सेनापती बापट मार्ग.

ज्या रस्त्याच्या कडेला गिरण्यांची रांग होती, ज्या गिरण्यांसाठी मुळशी बुडाली, त्या रस्त्याला मुळशी वाचवू पाहणाऱ्याचे नाव. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही. नगरपालिका रस्त्यांना थोर पुरुषांची नावे देतात, तसे दिले गेले असावे. पण त्यामुळे त्या पाटीवर, जुन्या आणि नव्या नावांत मिळून, पाण्याच्या दोन नळांची गोष्ट एकत्र आली: एक तुळशीचा, पिण्याच्या पाण्याचा, दुसरा घाटातला, विजेच्या पाण्याचा.

मावळ आणि गिरणगाव यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यांतले. गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी, आषाढी-कार्तिकीला पंढरीची ओढ. गिरणगावच्या चाळींत घाटावरची आणि कोकणातली माणसे दाटीवाटीने राहत, सप्ताह बसवत, भजनाला टाळ कुटत. त्यांच्या अभंगांत जी इंद्रायणी यायची, तिच्याच उगमाकडचे पाणी दिवसभर त्यांच्यासमोरचा माग फिरवत होते. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याची कहाणी ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा, म्हणून इथे ती सांगत नाही. एवढेच, की गिरण्या बंद होत गेल्या तरी धबधबा बंद झाला नाही. त्याची वीज आता इमारतींच्या उद्वाहकांना, वातानुकूलन यंत्रांना आणि लोकांच्या घरांना मिळते. खोपोलीच्या केंद्रात आज ७२ मेगावॅट क्षमतेची यंत्रे आहेत. महानगराच्या एकूण भुकेपुढे हा घास लहान आहे, पण जलविद्युत यंत्र काही मिनिटांत सुरू होते आणि काही मिनिटांत थांबते. कोळशाच्या केंद्राला हे जमत नाही. म्हणून संध्याकाळी शहराचे दिवे एकदम लागतात तेव्हा या पाण्याची किंमत असते.

आणि खोपोली? रेल्वेने बाजूला टाकलेल्या त्या गावाला विजेने पुन्हा माणसांत आणले. पोलादाचे, नळ्यांचे, कागदाचे कारखाने आले आणि गावाचे शहर झाले. पावसाळ्यात मुंबई-पुण्याचे तरुण तिथे भिजायला गर्दी करतात तो नैसर्गिक धबधबा शेजारच्या नळ्यांच्या कारखान्याच्या नावाने, ‘झेनिथ’ म्हणून, ओळखला जातो. तिथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाटावर ढगफुटी झाली तर खाली पाण्याचा लोंढा क्षणात येतो, तेव्हा प्रवाहात उतरू नये. आणि भिजून झाल्यावर मान वर करून खंडाळ्याच्या दिशेने पाहावे: हिरव्या उतारावरून सरळ खाली येणारे नळ दिसतात. त्यांत इंद्रायणी आहे.

चाक फिरवून झालेले पाणी केंद्रातून बाहेर पडते आणि पाताळगंगेत जाते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या बहुतेक छोट्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात; पाताळगंगा वाहती राहते, ती या उसन्या पाण्यामुळे. रसायनीचा कारखानदारी पट्टा तिच्या काठी वसला तोही त्याच पाण्याच्या भरवशावर. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांच्या नळांतून बाहेर पडते. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत उतरते. कोलाडला होड्यांतून थरार अनुभवायला जाणाऱ्यांना ऐन मे महिन्यातही सकाळी नदी भरलेली मिळते, कारण वर भिऱ्याच्या केंद्रात यंत्रे सुरू झालेली असतात आणि मुळशीचे पाणी खाली सुटलेले असते.